समुद्राचा तास

मंगळूरच्या बंदराबाहेर गाड्यांची रांग लागते तेव्हा माझ्या केबिनमधून समुद्र दिसतो. रोजच दिसतो. बाकीचे ड्रायव्हर त्याच्याकडं पाठ करून जेवतात. मला अजून तसं जमत नाही. समुद्र दिसला की पत्र्याच्या शेडमधली एक वर्गखोली आठवते आणि कान गरम होतात. त्या खोलीत मी एकदा बी.ए.च्या पोरापोरींना समुद्र समजावून सांगितला होता. तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्यांच्याविषयी लिहायला बसलोय त्यांना असली गोष्ट शेवटपर्यंत दडवून ठेवलेली आवडली नसती.

ते आमच्या बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. इंग्रजीच्या कविता आणि नाटकं दुसरे प्राध्यापक घेत. यांच्याकडं कंपोझिशन, म्हणजे इंग्रजीत स्वतःच्या मनानं लिहायचा तास. बाकीच्या सरांना लोक आडनाव लावून हाक मारायचे, यांना नुसतंच 'सर' म्हणायचे. 'सर आले' म्हटलं की कोण ते विचारावं लागत नसे.

मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. गणिताच्या मास्तरांच्या भीतीनं एक दिवस गेलो नाही, दुसऱ्या दिवशी कालचं काय सांगायचं म्हणून गेलो नाही, असं करत करत शाळा सुटली. पुढं गाडी शिकलो. दुष्काळाची दोन वर्षं मी साखर कारखान्याच्या टँकरवर होतो. कारखाना सहकारी, कॉलेज त्याच मंडळींच्या संस्थेचं, आणि दोन्हींचे चेअरमन एकच. शिवारातला ऊस जळाला होता, धुराडं थंड पडलं होतं, कपिलधारच्या धबधब्याची धार सुताएवढी झाली होती. दिवसातून एक खेप कॉलेजच्या हौदात रिकामी करायची. पाइप बारीक, त्याला पाऊण तास लागायचा. तेवढा वेळ मी शेडच्या सावलीला, सरांच्या वर्गाच्या खिडकीखाली बसून राहायचो.

सर दिसायला सुतारासारखे. उंच, हडकुळे, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला सदरा आणि कानावर पेन्सिल. सगळ्यांना अहो-जाहो करायचे. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांनाच. एकदा कॉलेजच्या बोळात म्हैस आडवी उभी होती. सर सायकलवरून उतरले आणि तिला म्हणाले, "जरा सरकता का? माझा तास आहे." म्हैस सरकली नाही. सर थांबले. मागं थांबलेला चहावाला म्हणाला, "सर, दोन रट्टे हाणा की." सर म्हणाले, "त्या माझ्या आधी आल्यात."

त्यांच्या हजेरीची वही कॉलेजात प्रसिद्ध होती. दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा. आमच्याकडं ऊस नसला तरी खालच्या अंगाला, नदीकाठच्या कारखान्यांना होता. बाकीचे प्राध्यापक अशा पोरांच्या नावापुढं गैरहजेरीची फुली मारायचे. सर जागेचं नाव लिहायचे. कुणापुढं सांगली, कुणापुढं बेळगाव, कुणापुढं नुसतंच 'नदीपलीकडं'. ऑफिसातल्या क्लार्कनं वही परत पाठवली, तर म्हणाले, "फुली म्हणजे माणूस नाही. हा माणूस आहे, कुठंतरी वाकून मोळी बांधतोय." शेवटी क्लार्कच फुल्यांची दुसरी वही लिहायला लागला.

दुसरी सवय फळ्याची. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज एक इंग्रजी वाक्य लिहायचं, सकाळी घरातून निघाल्यापासून वर्गात येईपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. 'बँकेचा कुत्रा तिसऱ्या पायरीवर बसतो, दुसरीवर कधी बसत नाही.' असलं काहीतरी. पण गावात त्या कोपऱ्याची चर्चा व्हायची. चहावाला पोरांना विचारायचा, "आज आमचं हॉटेल आलं का फळ्यावर?" सलूनवाल्यानं तर एकदा नवा आरसा मुद्दाम रस्त्याकडं तोंड करून लावला. सर चार दिवस समोरून गेले, पण वाक्य आलं ते आरशात बघून मिशी पुसणाऱ्या पोस्टमनवर. सलूनवाला महिनाभर पोस्टमनशी बोलला नाही.

मला इंग्रजी येत नव्हतं. खिडकीजवळ कौसल्या नावाची मुलगी बसायची, ती मला ते वाक्य मराठीत सांगायची. ऊसतोडीतून मध्येच परत आलेली, डाव्या हाताच्या बोटाला कोयत्याचा व्रण, आणि बोलायला फटकळ. एक दिवस ती खिडकीतून म्हणाली, "भाऊ, आज तुमीच हाव की फळ्यावर."

"म्या काय केलं?"

"तुमी न्हाई, टँकर. सरांनी लिवलंय, टँकर डाव्या अंगाला गळतो, आन ही बातमी आधी मधमाश्यांना लागती."

मी उठून बघितलं. डाव्या बाजूच्या नटापाशी खरंच माश्या चिकटल्या होत्या. एवढे महिने गाडी हाकत होतो, मला ठाऊक नव्हतं. नट आवळायला पाना काढला आणि परत ठेवला. एवढ्या उन्हात माश्यांनी कुठं जायचं.

तिसरी गोष्ट ठिपक्याची. व्याकरण चुकलं, स्पेलिंग चुकलं, तर सर सरळ दुरुस्त करून द्यायचे, त्याचं त्यांना काही वाटत नसे. पण लिहिणाऱ्यानं न पाहिलेलं, न वाटलेलं, नुसतं कुठूनतरी उचलून आणलेलं काही दिसलं, की त्याखाली पेन्सिलीनं एक बारीक ठिपका द्यायचे. शेरा नाही, खुलासा नाही. ज्याचं त्यानं ओळखायचं. रजेच्या अर्जाखाली 'आपला नम्र' असं लिहिणाऱ्याला तर तोंडानंच विचारायचे, "आहात का नम्र?" पोरं वह्या उघडून एकमेकांना चिडवायची, "गूळ सांडला का बे वहीवर? मुंग्या लागल्यात."

त्या वर्षी चाचणी परीक्षेत निबंध आला, 'समुद्रकिनाऱ्याला भेट'. हा विषय विद्यापीठाच्या पेपरात सारखा यायचा म्हणे. गाइडात तो तयार असायचा. वर्गात त्या वेळी अडतीस पोरं होती. अडतीसच्या अडतीस वह्यांत सोनेरी वाळू, गार वारा आणि मावळता लाल सूर्य. सरांनी अडतीस वह्यांत ठिपके दिले आणि अडतीस जणांना शून्य दिलं. त्यांत चेअरमन साहेबांचा पुतण्या होता.

दुसऱ्या दिवशी जीप कॉलेजच्या आवारात आली ती हौदापाशीच थांबली. मी पाइप धरून उभा होतो. चेअरमन साहेब खाली उतरले, सरांना बोलावणं गेलं.

"सर, विद्यापीठ इचारतंय, पोरं लिव्हत्यात, आन तुमी कावून आडवताय?"

"कुणीच पाहिलेला नाही, साहेब. सगळ्यांचा समुद्र एकाच गाइडातला आहे."

"मग तुमी सांगा की त्यांना कसा असतो ते."

"मीही पाहिलेला नाही."

साहेब त्यांच्याकडं बघतच राहिले. "इंग्रजीचे प्रोफेसर, आन समुद्र बघितला न्हाई?"

"पुस्तकात पुष्कळ पाहिला. पाय ओले झाले नाहीत. पाहिलेला एक माणूस मिळाला तरी पुरे. पोरं त्याला विचारतील, आणि ऐकलं म्हणून लिहितील. तुम्ही मुंबईला जाता, तुम्हीच या."

"मी काय वर्गात उभा राहून गाणं म्हणू का आता?" साहेब हसले, पण लगेच हसू आवरलं. "हे बघा सर, आठ दिवस देतो. पोरांचे निबंध नीट करून दावा. दर साली तुमच्या नेमणुकीची ऑर्डर माझ्या सहीनं निघती. औंदा जूनमधी निघंल का न्हाई, ते ह्या निबंधावर."

सरांनी मान हलवली. मग आवारात जे कोण होतं त्या सगळ्यांकडं, शिपायाकडं, क्लार्ककडं, माझ्याकडं बघून म्हणाले, "इथं कुणी समुद्र पाहिलाय का?"

मी म्हणालो, "म्या बघितलाय."

का म्हणालो? ह्याचा विचार मी पुढं हजारो किलोमीटर गाडी चालवताना केला आहे. क्लीनर असताना एकदा कापसाच्या गाडीवर पनवेलपर्यंत गेलो होतो, तेही ताडपत्रीखाली झोपून. पण एका शिकलेल्या माणसानं मला ठाऊक असण्याजोगं काहीतरी विचारलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. त्याला 'न्हाई' म्हणणं जिवावर आलं. आणि सरांचा चेहरा असा उजळला की शब्द मागं घ्यायची सोयच राहिली नाही.

"ड्रायव्हर साहेब, मंगळवारचा तास तुमचा," ते म्हणाले.

चेअरमन जीपमध्ये बसता बसता बोलले, "मग मी बी येतो ऐकायला."

मंगळवारपर्यंत चार दिवस होते. मला भाकरी गोड लागेना. सरांची नोकरी माझ्या तोंडावर टांगलेली, आणि तोंडात काही नाही. सलूनमध्ये समुद्राचं कॅलेंडर होतं, गरज नसताना दोनदा दाढी करून ते पाठ केलं. एकदा खरं सांगून टाकावं म्हणून सरांच्या खोलीपर्यंत गेलोही. ते दारात कंदिलाची काच पुसत होते. मला बघून म्हणाले, "बरं झालं तुम्ही भेटलात. मला स्वतःलासुद्धा ऐकायचंय." मी नुसता नमस्कार करून परत आलो.

मंगळवारी टँकर हौदाला लावला आणि मी वर्गात गेलो. चेअरमन साहेब मागं खुर्चीवर, सर खिडकीत टेकून उभे, पोरं वह्या उघडून. मी फळ्यापुढं. सुरुवातीला बरं चाललं होतं. पाणी निळं असतंय, लांब जहाज दिसतंय, नारळाची झाडं असत्यात. कुणीतरी विचारलं, आपल्या टँकरच्या किती खेपा होतील. मी म्हणालो, मोजायला बसलास तर म्हातारा हुशील. दुसऱ्यानं विचारलं, तिथं पाण्याला रांग असती का. मी म्हणालो, रांग कशाला, ज्यानं त्यानं जाऊन घ्यावं. पोरं भराभर लिहीत होती.

मग कौसल्या उठली.

"भाऊ, तुमी पाण्यात उतरलाच असाल. पायाखाली काय लागतंय?"

हे कॅलेंडरात नव्हतं. माझ्या पायांना पाण्याकडं जायची एकच वाट ठाऊक होती. मी म्हणालो, "पायऱ्या."

"किती?"

"बावन्न."

वर्गात कुणी हसलं नाही. कुणालाच त्यात काही चुकलेलं दिसलं नाही. पुढच्या बाकावरच्या दोघांनी तर बावन्नचा आकडा लिहून घेतला. मागून चेअरमन साहेबांचं हसू तेवढं फुटलं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "सर, हा तुमचा साक्षीदार. अहो, ह्याच्या समुद्राला पायऱ्या हायत." मग सगळा वर्ग हसला. पत्र्याच्या शेडमध्ये हसणं फार मोठं होतं.

सर हसले नाहीत. खिडकीतून पुढं आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले. हळू विचारलं, "ड्रायव्हर साहेब, ह्या पायऱ्या कुठल्या?"

मागं ज्यांच्या हातात माझीही नोकरी होती ते बसलेले. पण सरांनी रागानं विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आमच्या गावच्या बारवेच्या," मी म्हणालो. "समुद्र न्हाई बघितला म्या, सर. खोटं बोललो."

"बारवेचं सांगा," सर म्हणाले. हसण्याचा आवाज अजून पुरता विरला नव्हता.

मग मी सांगितलं. चौसाळ्याच्या पलीकडं आमचं गाव, गावाला दगडी बारव. उन्हाळ्यात पाणी जसं खाली जाईल तसं गाव पायऱ्या मोजतं. कितवी उघडी पडली त्यावर सगळं ठरतं. तिसावी उघडी पडली की धुणं बंद. चाळिसावी पडली की लग्नं पुढं ढकलायची, वऱ्हाडाला पाणी कुठून द्यायचं. त्या वर्षी बावन्न पायऱ्या उघड्या पडल्या, तेव्हा कळलं की पायऱ्या बावन्नच आहेत. तोवर कुणी शेवटची बघितली नव्हती. खाली नुसता गाळ. आम्ही गाळ काढायला उतरलो तर एक तांब्या लागला. घासून बघितला, त्याच्यावर माझ्या चुलतीचं नाव कोरलेलं. नवी नवरी असताना तिच्या हातून तो बारवेत पडला होता, आणि तिनं विकून खाल्ला म्हणून सासूनं तिला मारलं होतं. जन्मभर घरात कुणी तिचं खरं मानलं नाही. तांब्या वर आला तेव्हा तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. चुलत्यानं तो हातात घेतला, आणि गाळ तसाच ठेवून आम्ही सगळे वर आलो.

मी थांबलो. बाहेर हौदात पाणी पडल्याचा आवाज येत होता.

सर वर्गाकडं वळले. "आता लिहा."

"काय लिहू सर?" कुणीतरी म्हणालं. "समुद्राचं काय?"

"आत्ता इथं जे पाहिलंत, ऐकलंत, ते. परीक्षेत समुद्र आला तर पहिलं वाक्य लिहा, मी समुद्र पाहिलेला नाही. पुढं जे पाहिलंय ते लिहा. पानं भरतील."

तास संपला तरी पोरं लिहीत होती. मी सटकणार होतो, पण दाराच्या वाटेवर साहेबांची खुर्ची होती. सर एकेक वही घेत, वाचत आणि ठेवत होते. कानावरची पेन्सिल कानावरच होती. मग साहेबांनी पुतण्याला बोलावलं. "तुझं वाच. आन मराठीत बी सांग."

पोरगा घाबरत वाचायला लागला. इंग्रजी मला कळलं नाही. मराठीत त्यानं सांगितलं ते असं: "ड्रायव्हर पायऱ्या म्हणाला तेव्हा मला हसू आलं नाही, कारण मला ते खरं वाटलं. माझे काका हसले, म्हणून मी हसलो. तांब्याची गोष्ट झाल्यावर मी काकांकडं बघितलं. ते बुटाकडं बघत होते."

चेअरमन साहेबांनी वही स्वतःच्या हातात घेतली. त्यांना इंग्रजी कितपत येत होतं माहीत नाही, पण ते बराच वेळ पानाकडं बघत राहिले.

"हे गाइडात न्हाई," शेवटी म्हणाले.

"नाही," सर म्हणाले.

साहेब उठले. दारात थांबून म्हणाले, "जूनची ऑर्डर निघंल तुमची. पण ह्या ड्रायव्हरला जरा पाण्यापुरतं ठेवा." आणि माझ्याकडं न बघता गेले.

पुढचे चार दिवस मी खिडकीखाली बसलो नाही. टँकर पलीकडून लावायचो. पाचव्या दिवशी कौसल्या स्वतःच आली. "भाऊ, तुमचं वाक्य आलंय. चार दिवस झाले, सर पुसूच देईनात."

"काय लिवलंय?"

"एका माणसाला बावन्न पायऱ्या माहीत आहेत, आणि एकही जास्तीची नाही."

त्याच दिवशी सरांनी मला एक वही दिली. मराठीतच लिहायचं, खेपेला एक पान. मी हौद भरेपर्यंत लिहायचो, सर तास संपवून खिडकीतूनच वही न्यायचे. सुरुवातीच्या पानांवर इतके ठिपके असायचे की मला वाटे आपण पुन्हा गणिताच्या वर्गात बसलोय. पण सर एकदाही चिडले नाहीत. इंग्रजी कंपोझिशनच्या तासाला इंग्रजी न येणारा एक माणूस दीड वर्ष बसला, हे विद्यापीठाला कळलं नाही. मग पाऊस झाला, टँकर बंद झाले, आणि मी कामाच्या मागं जात जात इथवर आलो.

इथं आलो त्या पहिल्या रविवारी मी चपला हातात घेऊन समुद्रात उतरलो. मला दुसरं काही बघायचं नव्हतं. पायाखाली काय लागतं एवढंच बघायचं होतं. त्याच दिवशी सरांना पत्र लिहिलं. पायऱ्या नाहीत. वाळू आहे, पण ती थांबत नाही. लाट माघारी जाताना टाचेखालची वाळू घेऊन जाते, आपण आहे तिथंच उभे असतो आणि हळूहळू खाली जात असतो. पाणी गार नव्हतं. वास सुकटीच्या पोत्यासारखा. असं बरंच लिहिलं. शेवटी काय लिहावं सुचेना, तेव्हा सातवीपर्यंत जे घोटून घेतलं होतं ते लिहिलं, 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी'. पेटीत टाकल्यावर 'विद्यार्थी' हा शब्द खटकला. मी त्यांचा विद्यार्थी कधी होतो? कुठल्या हजेरीत माझं नाव होतं? सर त्या शब्दाखाली ठिपका देणार, आणि बरोबरच देणार.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. आत माझंच पत्र होतं, दुसरा कागद नाही. मी गाडीच्या मागं जाऊन ते उघडलं. वाळूपाशी काही नव्हतं. सुकटीच्या वासापाशी काही नव्हतं. एक एक ओळ बोट ठेवून खाली गेलो. सगळ्या पत्रात एकच ठिपका होता, अगदी शेवटी, 'आज्ञाधारक' या शब्दाखाली. त्याच्या पुढचा शब्द त्यांनी होता तसा राहू दिला होता.